काजाला एक टाका जास्त

सासऱ्यांना सगळी गल्ली 'लाँड्री' म्हणायची. 'लाँड्री दिसले नाहीत आज?' 'लाँड्रींना विचार, त्यांना माहीत असेल.' कोपऱ्यावरचं त्यांचं दुकान बंद होऊन तिथे काचेच्या दाराचं, गरगरणाऱ्या यंत्रांचं नवं दुकान थाटलं, तरी नाव काही सुटलं नाही. पक्का रंग बसावा तसं ते बसलं होतं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. रस्त्यात कुणी 'काय लाँड्री!' अशी हाक मारली की त्यांची पाठ जरा ताठ व्हायची.

सून मात्र त्यांना 'बाबा' म्हणायची. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, तरी पाहुणी आल्यासारखी अदबीने वागायची. प्यायलेला कप लगेच विसळून पालथा घालायची. स्वतःचे कपडे स्वतः धुवायची, इस्त्रीही स्वतःच करायची, आणि ती इतकी भयंकर करायची की सासरे दारातून ते बघून डोळे मिटून घ्यायचे. ज्यांनी जन्मभर लोकांच्या कॉलरी सरळ केल्या, त्यांच्याच घरात सुनेची कॉलर कुत्र्याच्या कानासारखी लोंबायची. पण 'आण इकडे' असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. न विचारता सुनेच्या कपड्यांना हात कसा लावायचा? आणि 'द्या ना करून' असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही. एवढ्या वयाच्या माणसाला काम कसं सांगायचं? दोघंही भली माणसं, आणि भली माणसं एकमेकांना फार छळतात.

त्यात आणखी एक गंमत होती. सासरे अळ्या पाळायचे आणि सून अळ्या मारायची.

सासऱ्यांच्या अळ्या रेशमाच्या. मागच्या खोलीत लाकडी मांडणीवर वेताची ताटं, ताटांत तुतीचा पाला आणि पाल्यावर त्या पांढऱ्या, गुबगुबीत, रात्रंदिवस चरणाऱ्या अळ्या. हा सगळा संसार मूळचा सासूबाईंचा. सुनेने त्यांना पाहिलेलंही नव्हतं. लग्नाच्या आधीच त्या गेल्या होत्या. पण ताटं त्यांनी विणलेली, आणि अळ्यांचा वाणही त्यांनीच राखलेला. दर वेळी चांगले कोष निवडून ठेवायचे, त्यांतून पतंग बाहेर येऊ द्यायचे, त्यांची अंडी जपायची, मग पुढची पिढी. बायको गेली तेव्हा तिच्या साड्या सासऱ्यांनी वाटून टाकल्या, भांडी वाटून टाकली. अळ्या मात्र कुणाला दिल्या नाहीत. इस्त्री धरलेल्या हातांनी ते पाला पुसायला शिकले आणि अळ्यांना 'मंडळी' म्हणायला लागले. 'मंडळींचं जेवण व्हायचंय' असं म्हणून ते उठायचे, तेव्हा घरात निदान दहाबारा माणसं राहतात असं वाटायचं.

सुनेच्या अळ्या प्रयोगशाळेतल्या. पिकांचं पान खाणाऱ्या. मातीत राहणारा एक जिवाणू विषाचे बारीक खडे तयार करतो, ते पोटात गेले की अशा अळ्या मरतात, आणि माणसाला, गुरांना, पाखरांना त्याचं काही होत नाही. बहुतेक अळ्या मरतात आणि एखादी ढिम्म हलत नाही, ती का, हे शोधणं तिचं काम. रेशमाची अळीही शेवटी अळीच. त्या विषाला आपली-परकी कळत नाही. म्हणून सुनेने लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "बाबा, मी मागच्या खोलीत येणार नाही. माझ्या अंगावरून काही यायला नको." सासरे 'बरं' म्हणाले होते. मनात म्हणाले होते, किळस येत असेल पोरीला, सांगायची पद्धत चांगली आहे.

तर एकदा झालं असं, की प्रयोगशाळेतलं कोट धुवायचं यंत्र बिघडलं. एरवी कोट तिथून बाहेर पडत नसे. आधी वाफेच्या मोठ्या बंद भांड्यात उकडून निघायचा, मग धुतला जायचा. सुनेला दुसऱ्या दिवशी पहाटे परगावी प्रशिक्षणाला निघायचं होतं, आणि तिथून आली की त्याच कोटात लगेच कामावर उभं राहायचं होतं. उकडायला वेळ नव्हता, म्हणून तिने कोट तसाच पिशवीत घातला, पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि घरी आणून बाहेरच्या खुंटीला टांगला. पहाटे निघताना नवऱ्याला म्हणाली, "तो कोट लाँड्रीत टाक रे." नवऱ्याच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता. त्याने मान हलवली.

ती परतली तेव्हा कोट कपाटात हँगरवर होता. असा कोट तिने आयुष्यात घातला नव्हता. बाह्यांची घडी सुरीच्या पात्यासारखी, कॉलर बसलेली, खिशाच्या कडासुद्धा दाबून सरळ केलेल्या. काचेच्या दाराचं दुकान बरंच सुधारलं म्हणायचं, असं मनाशी म्हणत ती कामाला गेली.

दोनतीन दिवसांनी ती संध्याकाळी घरी आली, तर सासरे मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. हातातल्या चहावर साय धरली होती.

"मंडळी जेवेनात," ते म्हणाले.

एरवी त्या खोलीतून सतत कुरकुर ऐकू यायची, अनेक तोंडांनी पान कुरतडल्याची. आज आत चिडीचूप होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती उंबऱ्यापर्यंत गेली. तिथूनच तिला दिसलं. अळ्या पाल्यावर निपचित पडल्या होत्या, काही मऊ पडून लोंबत होत्या, काही काळ्या पडायला लागल्या होत्या. असलं दृश्य तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. प्रयोगशाळेत ते दिसलं की ती समाधानाने मान हलवून पुढच्या ताटलीकडे वळायची.

"मला चार मेलेल्या अळ्या द्या बाबा," ती म्हणाली. "बघते काय आहे ते."

"तुझं काम वाढेल उगीच."

"द्या हो."

मायक्रोस्कोपखाली खडे दिसले. पत्त्यातल्या चौकटच्या चिन्हासारखे, कडा धारदार, अगदी ओळखीचे. तरी तिने मनाची समजूत घातली: हा जिवाणू कुठल्याही मातीत असतो, पाल्याबरोबर आला असेल. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या वाणाला एक खूण केलेली होती. एक ठरावीक औषध मिसळलेल्या थाळीवर बाकीचे मरायचे आणि तोच तेवढा वाढायचा. तिने त्या थाळीवर नमुना पसरला. दुसऱ्या दिवशी थाळी पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेली होती. वाण त्यांचाच होता. अंगावरून गेला म्हणावं, तर त्या खोलीत तिने पाऊलही टाकलेलं नव्हतं.

मग तिला तो कोट आठवला. तिने नवऱ्याला फोन लावला.

"मी गेले होते तेव्हा माझा कोट कुठे दिला होतास?"

"लाँड्रीत."

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे?" नवरा गोंधळला. "लाँड्रीत गं. बाबांना दिला. तूच म्हणालीस ना?"

या घरात मोठा झालेला पोरगा तो. 'शर्ट लाँड्रीत टाक' याचा अर्थ त्याच्या लेखी जन्मापासून एकच होता: बाबांच्या पुढ्यात टाक. दुसरी लाँड्री जगात असते, आणि बायको म्हणते ती काचेच्या दाराची, हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. चूक कुणाची म्हणायची? शब्द एक, घरं दोन.

"धुतला कुठे त्यांनी?" तिने विचारलं.

"मोरीतल्या मोठ्या टबात. नेहमी धुतात तिथेच. का, काय झालं? डाग राहिला का?"

मोठ्या टबात पाल्यावर घालायची फडकी भिजत असायची. पाला सुकू नये म्हणून ओली फडकी त्यावर पांघरायची, ही सासूबाईंची रीत. कोटावरचं सगळं टबात उतरलं, टबातून फडक्यांत, फडक्यांतून पाल्यावर. खुणेच्या थाळीइतकं ते स्पष्ट होतं.

घरी येईपर्यंत तिने ठरवलं होतं की आधी वाचवता येईल ते वाचवायचं, बोलायचं नंतर. आता तिला खोलीत शिरायला बंदी कसली? तिने नाकातोंडाला फडकं बांधलं, हातमोजे चढवले आणि सरळ आत गेली. सासरे बघत राहिले.

"जिवाणू आहे बाबा. खाण्यातून जातो. ज्या अळ्या अजून चरतायत, त्या वेगळ्या काढू. बाकी सगळं जाळायचं."

"ताटंसुद्धा?"

सुनेने मान डोलावली. सासऱ्यांनी हात लांबवून मांडणीवरचं वरचं ताट चाचपलं. वेताची कड एका जागी लाल दोऱ्याने बांधलेली होती. ती सासूबाईंनीच कधीतरी बांधली असणार.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तिनेसुद्धा हेच केलं असतं. ती माझ्याइतकी रडकी नव्हती."

सगळ्या ताटांतून शोधून शोधून, मान वर करून पान मागणाऱ्या थोड्याशाच अळ्या निघाल्या. एका नव्या खोक्यात सहज मावल्या. त्यांना सुनेने स्वतः लांबच्या बागेतून नवा पाला आणला. सासरे खोक्यापाशी बसले, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हे विष करतं काय नक्की? साप चावल्यासारखं?"

"नाही. हे फार वेगळं." सुनेचा आवाज जरा खुलला; या विषयावर तिला कुणी घरात विचारलंच नव्हतं. "जिवाणूतला खडा असतो ना, तो आपण खाल्ला तर तसाच बाहेर पडतो. आपलं पोट आंबट. अळीचं पोट उलटं, धुण्याच्या सोड्यासारखं."

"सोडा? जिवंत प्राण्याच्या पोटात?"

"चांगला कडक. तुमच्या भट्टीच्या पाण्याइतका."

सासऱ्यांनी खोक्यातल्या अळीकडे नव्या आदराने पाहिलं.

"त्या सोड्यात खडा विरघळतो. मग अळीचेच पाचक रस त्याला इकडून तिकडून कातरतात. कातरून झाला की त्याला बरोबर आकार येतो, आणि आतड्याच्या भिंतीवर ग्राही असतात, त्यांत तो बसतो."

"काय असतात?"

"ग्राही. म्हणजे..." तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि तिची नजर त्यांच्या सदऱ्यावर गेली. "काज. हे विष म्हणजे बटण. काजात बटण बसलं की अशी तीनचार बटणं एकत्र येतात आणि भिंतीला भोक पाडतात. मग पाणी आत शिरतं, भिंत फुगते, फुटते. अळीचं खाणं आधी थांबतं, जीव नंतर जातो."

"म्हणजे तिनेच ते पोटात उकळायचं, तिनेच कातरायचं आणि स्वतःच्याच काजात लावून घ्यायचं?"

"हो ना."

"अरेरे," सासरे म्हणाले. "भलतीच कष्टाळू गं बिचारी." आणि दोघांनाही, इतक्या वाईट दिवशी, हसू आलं.

"मग या का खातायत?" त्यांनी विचारलं.

"एखादीच्या काजाला जन्मतःच एक टाका जास्त असतो. एवढासा फरक. बटण आत जात नाही, की झालं. ती मजेत जेवते. रेशमाच्या काही वाणांत तो सापडतो." मग तिने स्वतःला आवरलं. "पण या तशाच आहेत असं मी म्हणत नाही हं. कदाचित यांच्या वाट्याला तो पाला आलाच नसेल."

"टाका जास्त पडला की शिंप्याला शिव्या देतात लोक," सासरे म्हणाले. त्यांनी बोट पुढे करून एका अळीला पाठीवर हलकेच थोपटलं. "जेवा मंडळी."

मग धुलाई निघाली. खोलीची जमीन, भिंती, मांडणी, टब, सगळं ब्लीचिंग पावडरने घासायचं होतं, आणि इथे मात्र कारभार सासऱ्यांच्या हातात गेला. 'तो कपडा असा पिळतात का? दोन्ही हात उलटे फिरव.' 'कोपरा राहिला.' 'प्रयोगशाळेत असंच पुसता वाटतं?' सून घामाघूम होऊन निमूट ऐकत होती. इतकं बोलून घ्यायची तिची या घरातली पहिलीच वेळ, आणि तिला ते गोड लागत होतं. पण गोड लागलं की लगेच मागून तो टब आठवायचा. ताटं अंगणात जाळली तेव्हा काडी सासऱ्यांनी लावली. धूर डोळ्यांत गेला असं म्हणाले.

खोक्यातल्या अळ्या वाचल्या. चरल्या, फुगल्या, कोष करून त्यात गुडूप झाल्या. तोवर सासरे खोक्यापासून हलले नाहीत. आणि या सगळ्या काळात ते एकच पालुपद लावून बसले होते, "डोळे गेले माझे. पाला नीट पुसला नसणार मी. तिने इतकी वर्षं सांभाळलं आणि माझ्या हातून असं व्हावं." गल्लीत कुणी 'काय लाँड्री' म्हटलं तरी पाठ ताठ होईनाशी झाली. जेवताना हात थरथरला की म्हणायचे, "बघ, हे असे हात."

सून मूग गिळून बसली होती. रोज सांगायचं ठरवायची आणि रोज तिची जीभ रेटायची नाही. खरं सांगावं तर म्हाताऱ्याला नेमकं कळणार की स्वतःच्याच हाताने, स्वतःच्याच टबात. न सांगावं तर तो आपल्या डोळ्यांना आणि हातांना दोष देत झिजणार. नवरा म्हणाला, "राहू दे ना. मिटलंय आता." पण मिटलं कुठे होतं? रोज जेवणाच्या ताटावर ते थरथरत होतं.

एका सकाळी कोषांतून पतंग बाहेर आले. पांढरे, केसाळ, उडता न येणारे, आपल्याच पंखांनी चक्रावलेले. दुपारपर्यंत माद्यांनी कागदावर अंडी घालायला सुरुवात केली, पिवळसर, एकाला एक लागून. वाण टिकला होता. सासरे भिंगातून अंडी बघत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. "आता मी याला हात लावणार नाही," ते म्हणाले. "कुणाला तरी देऊन टाकू. ज्याचे हात शाबूत आहेत अशा कुणाला."

हे ऐकल्यावर सुनेला राहवलं नाही. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"तुमच्या हातांना काही झालेलं नाही बाबा, डोळ्यांनाही नाही. ते माझ्या कोटावरून आलं. तुम्ही कोट टबात धुतलात, आणि त्याच टबात पाल्याची फडकी होती. त्या जिवाणूचं बी असं चिवट असतं, साबणाला दाद देत नाही. दुसरा कुणी असता तरी हेच झालं असतं. तुम्ही पाला नीटच पुसला होता."

सासऱ्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मीच धुतला तो," ते सावकाश म्हणाले.

"मीच आणला तो. त्यावर काय आहे हे ठाऊक असलेली घरात मी एकटी. पिशवीवर लिहायला हवं होतं, सांगायला हवं होतं. मी नुसती बांधून टांगली. आणि नंतर कळलं तरी इतके दिवस तोंड उघडलं नाही. तुमच्या मंडळींना मी मारलं बाबा." आणि ती रडायला लागली, आणि रडताना तिला अदबीने रडता येईना.

सासरे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. मग ते बोलायला लागले, पण भलतंच.

"त्या दिवशी हा पिशवी घेऊन आला माझ्याकडे. म्हणाला, तिने लाँड्रीत टाकायला सांगितलंय. मला किती बरं वाटलं सांगू तुला? दोन वर्षं झाली, कधी एक रुमाल दिला नाहीस तू मला. मला वाटायचं, हिला आपल्या हातचं नको असेल. आणि त्या दिवशी तू होऊन काम सांगितलंस. म्हटलं, आली पोर घरात. तुझ्या सासूच्या फोटोलासुद्धा सांगितलं मी. तो कोट मी उगाच पुन्हा पुन्हा धुतला, माहितीये? स्वच्छ झाला होता, तरी धुतला. कॉलरीवरून तर इस्त्री उचलवेना."

सून डोळे पुसायचं विसरून ऐकत राहिली.

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी आत टोचल्यासारखं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या साध्या गोष्टीची शंका त्यांना आत्ता, पहिल्यांदाच येत होती.

"का गं," त्यांनी विचारलं, "तू मलाच सांगितलं होतंस ना? की त्या काचेच्या दुकानात टाक म्हणाली होतीस?"

आज सगळं खरं सांगायचं, एक अक्षर मागे ठेवायचं नाही, असं ठरवून ती या जमिनीवर बसली होती. तिच्या कामात अर्धं खरं कुणी विचारात घेत नाही. सासरे वाट बघत होते, आणि त्यांचे ते हात मांडीवर अगदी स्थिर होते.

"तुम्हालाच, बाबा," सून म्हणाली. "आपल्याला दुसरी लाँड्री आहे कुठे?"